तळ्याचा निळा

सीडी उन्हात धरली की तिच्यात अख्खं इंद्रधनुष्य उमटतं. डीव्हीडीत तेच जरा पसरलेलं, विरळ दिसतं. ब्लू-रे डिस्क मात्र थंड तव्यासारखी गडद राहते. ती खूप तिरपी करावी लागते, जवळजवळ काठावरून बघावी लागते, तेव्हा कुठे तिच्यावरून एक निळी-जांभळी रेघ सरकून जाते. तिच्यातल्या ओळी एकमेकींना इतक्या खेटून असतात की बाकीच्या रंगांना तिथे फारसा वावच मिळत नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते फलटणला, आमच्या ज्योती फोटो स्टुडिओच्या दारात, मे महिन्यातल्या एका दुपारी.

"ते उन्हात धरायचं असतं का मशीनमध्ये घालायचं असतं?" अप्पांनी आतून विचारलं.

"बघतेय जरा."

"निगेटिव्ह बघावी तशी बघतीयस. त्यात शिरू दिसणारेय का?"

शिरू म्हणजे शिरीष, माझा धाकटा भाऊ. डिस्क त्यानेच कुरियरने पाठवली होती. लडाखमधल्या एका उंचावरच्या तळ्यावर आणि तिथे अंडी घालायला येणाऱ्या काळ्या मानेच्या क्रौंचांवर त्याच्या कंपनीने तासाभराची फिल्म केली होती आणि पहिल्यांदाच मुख्य कॅमेरा शिरूच्या हातात होता. मी पुण्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि सुट्टीला घरी आले होते. येताना ब्लू-रे वाचणारा वेगळा ड्राइव्ह डिपार्टमेंटमधल्या एका सहकाऱ्याकडून मागून आणला होता. तेव्हा लॅपटॉपला डिस्क घालायची फट असायची. आताच्या माझ्या लॅपटॉपला ती नाही, अप्पाही नाहीत. डिस्क आहे.

शिरू घर सोडून गेला तो भांडून. अप्पांनी त्याला स्टुडिओत उभा करायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, मला पासपोर्ट फोटो काढत बसायचं नाही. अप्पा म्हणाले, मग जा, जंगलात जाऊन पाखरं मोज. त्यानंतर तो यायचा, जेवायचा, आईशी बोलायचा. अप्पा त्याच्याशी फक्त गाडीच्या वेळेबद्दल बोलायचे. त्याने आधी दोनदा आपल्या कामाच्या डीव्हीडी पाठवल्या होत्या. अप्पांनी त्या उघडल्याही नाहीत. "डीव्हीडीवर काय कळतंय? सगळं दाबून बसवलेलं असतं," एवढंच म्हणाले.

म्हणून या वेळी ब्लू-रे. "ताई, या वेळी त्यांना पळवाट नको," शिरूने मला फोनवर सांगितलं होतं. "पूर्ण रेझोल्यूशन आहे. जसं दिसलं तसं. आता काय ते बोलू देत. वाईट म्हणाले तरी चालेल."

तो हे हसत म्हणाला होता, पण मला त्याचं हसणं ओळखू येतं.

अप्पा काउंटरवर एका लग्नाचा अल्बम उघडून बसले होते. जगदाळ्यांच्या घरचा, परत आलेला.

"काय झालं त्याला?"

"नखरे. हळदीच्या फोटोत हळद दिसत नाही म्हणे. नवरीला काय रांगोळी फासलीय का, असं तिची मामी मला तोंडावर म्हणाली." त्यांनी पान जोरात उलटलं. "साताऱ्याच्या लॅबवाल्यानं कागद बदललाय. त्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही पाठवली तशी फाइल छापली. चाळीस वर्षं मी रंग बघतोय आणि हा मला शिकवतो." अल्बम मिटून त्यांनी तो बाजूला सारला. "चल, लाव ते तुझं. इथं नको, आत डार्करूममध्ये बसू. उजेडात रंग कळत नाहीत."

डार्करूम कित्येक वर्षं बंद होती. डिजिटल आल्यापासून तिथे रिकाम्या फ्रेमा आणि बाद झालेले पडदे ठेवलेले असत. दार उघडलं तरी हायपोचा, फोटो पक्का करायच्या त्या रसायनाचा, आंबूस, नाकात चढणारा वास अजून होता. फोटो वाळत घालायची दोरी होती, तिच्यावर दोन-चार चिमटे. लहानपणी शिरूला आणि मला इथे एका स्टुलावर दाटीवाटीने बसायची परवानगी असायची. लाल दिव्यात अप्पा कोरा कागद ट्रेमध्ये सोडायचे आणि ट्रे हलकेच हलवत म्हणायचे, "बोलू नका. येतायत." जणू पाहुणेच यायचे होते. मग आधी केस यायचे, मग भुवया, मग सगळा चेहरा. शिरू माझं मनगट घट्ट धरून ठेवायचा.

निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर, त्याच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवला आणि ड्राइव्ह पिशवीतून काढू लागले.

"हे आणखी काय? त्यालाच फट आहे की."

"त्याच्यात नाही चालणार अप्पा."

"गोल आहे ना? मावतीय ना? घालून तर बघ."

घालून बघितली. लॅपटॉपने दोन-तीन वेळा घुरघुर केली आणि डिस्क बाहेर ढकलली.

"आवडली नाही त्याला," अप्पा म्हणाले.

"ह्याचा लेझर लाल आहे. लाल प्रकाशाचा ठिपका जाड पडतो. ह्या डिस्कवर फार बारीक लिहिलेलं असतं, ते वाचायला निळा-जांभळा लेझर लागतो."

"म्हणजे जाड निबानं बारीक अक्षर गिरवायचं."

"अगदी तसंच."

ते खूश झाले. त्यांना एखाद्या गोष्टीचं त्यांच्या भाषेत उत्तर मिळालं की ते मान डोलवायचे, तशी डोलवली. पण आणलेला ड्राइव्हही लगेच चालेना. डिस्क फिरायला लागे, वेग घेई आणि दम लागल्यासारखी थांबे. मी तारा तपासल्या. ड्राइव्हच्या वायरला दोन तोंडं होती आणि मी एकच लावलं होतं. एका तोंडातून मिळणारी वीज त्या मोटरला पुरत नव्हती. दुसरं लावल्यावर डिस्क गुणगुणत फिरायला लागली, पण तेवढ्यात प्लेअरने पाटी दाखवली: ही डिस्क चालवण्यासाठी प्लेअर अपडेट करा.

डार्करूममध्ये नेटच्या डोंगलला रेंज कुठली? लॅपटॉप उचलून मी गच्चीवर गेले.

गच्चीवर आई कुरडयांना राखण बसली होती. छत्री उघडून पाठीशी ठेवलेली, हातात वेताची काठी, समोर प्लॅस्टिकच्या कागदावर पांढऱ्या कुरडया.

"लागलं का?"

"मशीन म्हणतंय, आधी मला नवीन कर."

"माणसासारखंच आहे की," आई म्हणाली. "इथं बस. सावली आहे."

डाउनलोडची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आईने एका कावळ्याकडे काठी उगारली.

"वैजू, बोलतील का गं काही चांगलं?"

"माहीत नाही."

"शिरूचा संध्याकाळी फोन येणारेय. लेहला उतरला की रेंज मिळते म्हणाला. मी त्याला सांगून टाकलंय, आज अप्पा स्वतः बोलतील."

"अप्पांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? सांगितलं असतं तर आत्तापासून बाजारात जाऊन बसले असते." तिने एक कुरडई उलटून ठेवली. "मागच्या वेळी लेकरानं विचारलं, आई, डीव्हीडी बघितली का अप्पांनी? मी म्हटलं, डोळ्यात पाणी येतं त्यांच्या, फार वेळ बघवत नाही. काय सांगायचं?"

"खरंच येतं का पाणी?"

"कधीमधी. डॉक्टर दोन वर्षं झाली ऑपरेशन सांगतायत मोतीबिंदूचं. विचारलं की यांचं एकच, पिकू दे अजून."

"आता पिकायची वाट बघत नाहीत आई."

"मला काय सांगतेस? त्यांना सांग. ते गुरवांचं सांगतील तुला."

गुरवकाका मला आठवत होते. ते अप्पांच्या स्टुडिओत बारीक शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर हात फिरवायचे, लोकांच्या देवीचे वण पुसायचे. फार पूर्वी, जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा डोळा गेला. त्यानंतर ते स्टुडिओच्या बाकावर नुसते येऊन बसत. अप्पा त्यांना चहा द्यायचे आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

अपडेट उतरेपर्यंत ऊन कलंडलं. मी खाली गेले.

अप्पा तिथेच, अंधारात, त्या जुन्या स्टुलावर बसून होते. मी डिस्क सुरू केली. पडदा काळा झाला. आत डिस्क फिरल्याचा आवाज येत राहिला, चित्र काही येईना. मी बटणाकडे हात नेला.

"बोलू नको," अप्पा हळूच म्हणाले. "येतायत."

आधी वारा ऐकू आला. मग पांढरं धुकं. धुक्यातून एक उघडा डोंगर, त्याच्या माथ्यावर बर्फ, आणि धुकं सरकत गेलं तसं खाली तळं. मी इतका निळा रंग कुठल्याच पडद्यावर पाहिला नव्हता. काठाशी हिरवट, मग मोरपंखी, मग मध्यावर असा खोल निळा की तिथे पाण्याऐवजी आभाळच खाली सांडलंय असं वाटावं. दोन क्रौंच उथळ पाण्यात उभे होते. एकाने मान उचलली तेव्हा त्याच्या चोचीवरून पडलेला थेंबसुद्धा दिसला.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी ओठ आवळले होते.

"पाणी मळकट आलंय," ते म्हणाले.

"मळकट?"

"ओढ्याच्या पाण्यासारखं. आणि बर्फ बघ, पिवळट. सकाळची वेळ असती तर समजलो असतो. पांढऱ्याला पांढरं ठेवायचं, तो व्हाइट बॅलन्स ह्याला कुणी शिकवलाच नाही." ते पुढे वाकले. "फ्रेम बरी धरलीय. ती मान उचलायची वाट बघितलीय त्यानं, घाई नाही केली. पण रंग गेला. रंग गेला की काय राहिलं?"

मला आत काहीतरी टोचलं. पण रंगाच्या बाबतीत आमच्या घरात अप्पांचा शब्द शेवटचा होता. ते साडीच्या दुकानात आईला दारापर्यंत नेऊन खरा रंग दाखवायचे. म्हटलं, लॅपटॉपचा पडदाच साधा आहे, त्याचाच दोष असेल.

"पडद्याचे रंग बदलता येतात. बदलू?"

"येतात? मग बदल की."

मी चित्र थांबवलं आणि सेटिंग उघडलं. लाल, हिरवा, निळा, अशा तीन पट्ट्या आल्या. मी निळी थोडी वाढवली.

"आणखी."

आणखी वाढवली.

"लाल कमी कर. हां. निळा अजून थोडा. घाबरू नको, घाल."

स्टुलावर बसल्या बसल्या ते हाताने खुणा करत होते, जसे पूर्वी दिवा धरणाऱ्या पोऱ्याला उजेड पुढे-मागे घ्यायला सांगायचे. त्यांचा आवाज बदलला होता. मी पट्टी सरकवत गेले. माझ्या डोळ्यांना बर्फ निळा दिसायला लागला, मग डोंगर. मी हात थांबवला.

"का थांबलीस? अजून थोडा."

अजून थोडा घातला.

"बास. आता आलं." त्यांनी मोठा श्वास सोडला. "आता हे पाणी झालं. बघ बरं. हे असं छापायला पाहिजे होतं ह्यानं. सुरू कर."

मी सुरू केलं. एक म्हातारी तळ्याकाठी बकऱ्या घेऊन चालली होती. तिच्या गालावरच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या. अप्पा बघत राहिले. गुडघ्यांवर कोपरं टेकून, हनुवटी तळहातात धरून. शिरू गेल्यापासून मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं.

दार ढकलून आई आत आली. पदराला हात पुसत ती आमच्या मागे उभी राहिली.

"अगंबाई! ही माणसं काय गारठून निळी पडलीत का?"

मी चित्र थांबवलं.

"वैजू, ती म्हातारी बघ. आणि बकऱ्या. निळ्या बकऱ्या असतात का तिकडं?"

"कुठं निळ्या आहेत?" अप्पा म्हणाले. "पांढऱ्या आहेत."

"अहो, शाईत बुडवून काढल्यागत दिसतायत."

"तुला रंगातलं काय कळतंय?"

"मला निळीतलं कळतंय. तुमचे सदरे मीच धुते."

अप्पा माझ्याकडे वळले. त्यांना पंच हवा होता. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"वैजू, तू सांग. बकऱ्या कशा आहेत?"

मी खोटं बोलू शकले असते. दोन पट्ट्या मागे घेऊन, पडदाच बिघडलाय म्हणू शकले असते.

"निळ्या आहेत अप्पा."

"आणि आधी? हे तू बदलायच्या आधी?"

"आधी पांढऱ्या होत्या. बर्फही पांढरा होता."

"आणि पाणी?"

"निळं. खूप निळं."

ते उठले, भिंतीवर चाचपडून लाल दिव्याशेजारचं बटण दाबलं. साधी ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. रॅकमधून त्यांनी फोटोच्या कागदाचं जुनं पाकीट काढलं आणि त्यातला एक कोरा कागद ट्यूबखाली धरला. चष्मा काढला. उजवा डोळा हाताने झाकला आणि कागद बघितला. मग डावा झाकला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. प्रिंटचा रंग जुळवताना ते दोन पट्ट्या अशाच आलटून पालटून बघायचे. घाई नव्हती. मी आणि आई त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

"डाव्यानं पांढरा," ते म्हणाले. "उजव्यानं चहा सांडल्यागत." मग पुन्हा एकदा करून पाहिलं. "डाव्यानंही पांढरा म्हणजे, उजव्याच्या मानानं."

"अहो, बसा," आई म्हणाली.

ते बसले नाहीत. बाहेर गेले आणि जगदाळ्यांचा अल्बम घेऊन आले. हळदीचं पान उघडून त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"खरं सांग."

नवरी पाटावर बसली होती. भोवती बायका हसत होत्या. तिच्या गालांवर, दंडांवर, पायांवर जे फासलं होतं ते फिक्या राखेसारखं होतं. सगळ्या फोटोवर निळसर छाया होती, आत्ता पडद्यावर होती तशीच.

"मामी बरोबर म्हणाली," मी म्हणाले.

"लॅबवाला पण." ते अल्बमकडे बघत राहिले. "मला सगळंच पिवळट दिसत होतं, म्हणून मी निळा घालत गेलो असणार. मला बरं दिसेपर्यंत." त्यांनी नवरीच्या गालावरून अंगठा फिरवला. "पोरीची हळद घालवली मी."

"फाइल आहे ना? परत छापू. मी बसते सोबत."

"आणि शिरूचं पाणी मळकट म्हणालो."

आई काही बोलायला गेली, तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. तिने नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. तिने फोन कानाला लावला.

"हां, शिरू. पोचलास का? जेवलास? ... हो, लागली. ताईनं लावली. ... थांब, देते."

तिने फोन अप्पांपुढे धरला. एरवी अप्पा अशा वेळी हात झटकायचे, आणि फारच झालं तर "बरं आहे, ठेव" एवढं म्हणून फोन परत द्यायचे. आता ते त्या फोनकडे बघत राहिले. पडद्यावर मी थांबवलेली म्हातारी आणि तिच्या निळ्या बकऱ्या तशाच होत्या. मी हळूच तिन्ही पट्ट्या मागे मूळ जागी नेल्या. बकऱ्या पांढऱ्या झाल्या. अप्पांनी ते पाहिलं. त्यांना फरक दिसला, एवढं मला कळलं. कसा दिसला ते कळलं नाही.

त्यांनी फोन घेतला.

"बोल."

खोली लहान होती. शिरूचा आवाज आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू येत होता.

"अप्पा? बघितली का तुम्ही?"

अप्पांनी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि तो सरळ केला.

"अप्पा, ऐकू येतंय ना? पाणी कसं वाटलं? त्या पाण्यासाठी आम्ही तिथं सगळा सीझन काढला. रंग एवढासुद्धा हलवला नाही. काय असेल ते सांगा, मला राग नाही येणार."

"पाण्याचं आत्ता विचारू नको."

पलीकडून वाऱ्याचा नुसता खरखराट येत राहिला. आईने तोंडाला पदर लावला.

"बरं," शिरू म्हणाला. "ठीक आहे अप्पा. ठेवू मग?"

"ठेवू नको. ऐक." अप्पांनी स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसले. "ताईनं बघितलं, तुझ्या आईनं बघितलं. मी अजून तुझं पिक्चर बघितलंच नाही. माझा उजवा डोळा गढूळ झालाय, डावाही त्याच वाटेनं निघालाय. आज मला कळलं." त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या दोरीवरच्या चिमट्यांकडे. "दोन वर्षं पिकू दे, पिकू दे करत बसलो. आता नाही. मी ऑपरेशन करून घेतोय शिरू. मग बघतो तुझं पाणी."